जुनी रेंजफाइंडर लेन्स: माउंट कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेन्सवर नाव, फोकल लेन्थ, अ‍ॅपर्चर सगळं कोरलेलं आहे. मग माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा मागचा भाग, वेगळं ओळखायची गरज काय?

कारण एकाच नावाची लेन्स दोन-तीन, कधी चार माउंटांत निघायची. ज्युपिटर-९ (८५ मिमी, एफ/२) घ्या. ती लायकाच्या आट्यांत आहे, किएव्हच्या बायोनेटमध्ये (आट्यांऐवजी कानांनी अडकणारं माउंट) आहे, झेनिट एसएलआरच्या (आरशातून बघायच्या कॅमेऱ्याच्या) ३९ मिमी आट्यांत आहे आणि ४२ मिमी आट्यांतही आहे. चारींच्या पुढच्या कड्यावर मजकूर जवळजवळ एकच. इंडस्टार-५० रेंजफाइंडरसाठीही (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यासाठी) आहे आणि एसएलआरसाठीही. निक्कोर ५ सेंमी एफ/२ निकॉनच्या स्वतःच्या बायोनेटमध्ये मिळते, तशी लायकाच्या आट्यांतही मिळते. पुढून वाचून एवढंच कळतं की कारखाना कुठला आणि काच कुठली. माउंट कळण्यासाठी लेन्स उलटी करून मागची बाजू बघायलाच हवी.

म्हणूनच पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मागची टोपी काढू न देणाऱ्या विक्रेत्याकडून लेन्स घेऊ नये. टोपी घट्ट बसलीय म्हणाला तर तिथेच थांबावं. घट्ट बसलेली टोपी बऱ्याचदा चुकीच्या आट्यांची, दामटून फिरवलेली असते.

हाताशी काय काय असावं?

व्हर्नियर कॅलिपर, १५० मिमीचा, मागून खोली मोजायची दांडी असलेला. डिजिटल असेल तर वाचायला सोपा, पण साध्या ०.०२ मिमीच्या कॅलिपरनेही काम होतं. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला हत्यारांच्या दुकानांत मिळतो. प्लॅस्टिकचा घेऊ नका, त्याचे जबडे वाकतात. धातूचा घेतलात तर तो काचेपासून लांब ठेवून वापरा.

त्याशिवाय छोटा टॉर्च, भिंग आणि बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपरचा एक ताव. तो अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळेल. शिवाय एक जुनी धातूची बांगडी, ती कशाला ते पुढे येईल. आट्यांचा गेज असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

मागून बघताना सगळ्यात आधी काय बघायचं?

आटे आहेत की कान. पेचासारखे फिरत जाणारे आटे असतील तर एक वाट, कडेला तीन-चार कान असलेलं बायोनेट असेल तर दुसरी.

दुसरी गोष्ट, अंतराची रिंग फिरवून बघा. मागच्या तोंडात एखादी पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची नळी किंवा तिरपी कापलेली पट्टी आत-बाहेर सरकते का? तो रेंजफाइंडरचा कॅम. कॅमेऱ्यातला छोटा दांडा त्यावर टेकतो आणि व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळवतो. एसएलआरच्या लेन्सला याची गरज नसते, त्यामुळे तिथे हा कॅम नसतो. ३९ मिमी आटे आहेत पण कॅम नाही असं दिसलं, की ती लायकाची लेन्स नसण्याची शक्यता खूप मोठी.

तिसरी गोष्ट, अंतराची पट्टी. रेंजफाइंडर लेन्स साधारण १ मीटरपाशी थांबते, नव्या काही ०.७ मीटरपर्यंत येतात. पट्टीवर ०.५ किंवा ०.६५ मीटर दिसलं तर एसएलआरचा संशय घ्यावा. ज्युपिटर-९ मध्ये हा फरक ठळक आहे: रेंजफाइंडरची १.१५ मीटरवर थांबते, एसएलआरची ०.८ वर. आणि अंतराची पट्टीच नसेल तर ती एन्लार्जरची (डार्करूममध्ये फोटो मोठा करायच्या यंत्राची) लेन्स तरी असते, नाहीतर कॉन्टॅक्स, किएव्ह किंवा निकॉन एसची ५० मिमी.

आट्यांचा बाहेरचा व्यास ३९ मिमी भरला. म्हणजे लायका थ्रेडच ना?

नाही. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

३९ मिमी आट्यांत निदान चार वेगळ्या गोष्टी बाजारात फिरतात. पहिली खरी लायका थ्रेड: ३९ मिमी व्यास, इंचाला २६ आटे आणि लेन्स टेकते त्या कडेपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी. लायकाने १९३१ मध्ये हे माप पक्कं केलं. पुढे कॅनन, निक्का, लिओटॅक्स, फेड, झोर्की सगळे त्याच वाटेने गेले.

दुसरी झेनिटची, रशियन एसएलआरची. व्यास तोच, पण अंतर ४५.२ मिमी, कारण मध्ये आरसा हलायला जागा लागते. तिसरी जर्मन पॅक्सेटची. व्यास पुन्हा तोच आणि अंतर ४४ मिमी. पॅक्सेटच्या लेन्सवर श्टेबले, श्टाइनहाइल, श्नायडर, रोएशलाइन अशी नावं दिसतात. नाव जर्मन दिसलं, आटे ३९ दिसले की विक्रेता बेधडक 'लायकाची' म्हणतो. चौथी एन्लार्जरची लेन्स, उदाहरणार्थ एल-निक्कोर. तिचे आटे लायकाशी तंतोतंत जुळतात, त्यामुळे ती लायकाच्या बॉडीवर सुरेख बसते. पण तिला फोकस करायची रिंगच नाही, त्यामुळे फोटो काही निघत नाही. मागे कॅम नाही, पट्टी नाही, अंधारात वाचता यावेत म्हणून कधीकधी अ‍ॅपर्चरच्या आकड्यांना उजेड यायची छोटी खिडकी असते. ही खूण दिसली की शंका ठेवू नका.

आटेही पूर्ण सारखे नसतात. लायकाचा एक आटा ०.९७७ मिमीचा, मेट्रिक आटा १ मिमीचा. एका आट्यात फरक नगण्य, चार आट्यांत तो ०.०९ मिमीच्या पुढे जातो. म्हणून मेट्रिक आट्यांची वस्तू लायकाच्या कड्यात दोन-अडीच फेरे लोण्यासारखी जाते आणि मग अडते. अडली की उलटी फिरवून काढा. तिथे जोर लावला तर पहिले आटे कापले जातात. बॉडीचं कडं खराब झालं की ती दुरुस्ती लेन्सच्या किमतीपेक्षा महाग पडते.

मग या चौघांत फरक करायचा कसा? माझ्याकडे कॅमेरा बॉडी नाही.

बॉडीची गरज नाही. लेन्सची प्रतिमा कुठे पडते ते मोजा. बटर पेपर त्यासाठीच.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी खोलीत अंधार करा, एकच खिडकी उघडी ठेवा. खिडकीतून लांबचं काही दिसायला हवं. समोरच्या बिल्डिंगची गॅलरी चालणार नाही. पर्वतीचं देऊळ दिसत असेल, नाहीतर सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसत असेल, तर फारच छान. किती लांब पुरेल? ५० मिमी लेन्ससाठी ३० मीटरवरची वस्तू धरली तर प्रतिमा खऱ्या जागेपेक्षा सुमारे ०.०८ मिमी मागे पडते. २०० मीटरवर ती चूक ०.०१ मिमीच्या आसपास येते. या चाचणीला १०० मीटर पुष्कळ झाले.

लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. अंतराची रिंग अनंतावर न्या, म्हणजे आडव्या आठाच्या खुणेवर. लेन्स आत ढकलायच्या प्रकारची असेल, म्हणजे इंडस्टार-२२, एल्मार वगैरे, तर नळी बाहेर ओढून फिरवून पक्की करा. हे विसरलात तर पुढची सगळी मापं चुकतील. आता बटर पेपर बांगडीवर ढोलकीसारखा ताणून चिकटवा. लेन्सचं पुढचं तोंड खिडकीकडे आणि मागे कागद. कागद हळूहळू मागेपुढे करत नेलात की टॉवर कागदावर उलटा उमटेल. सगळ्यात तीक्ष्ण दिसेल तिथे हात स्थिर करा आणि दुसऱ्याला कॅलिपरच्या मागच्या दांडीने लेन्सची टेकणारी कडा ते कागद हे अंतर मोजायला सांगा. टेकणारी कडा म्हणजे आट्यांच्या मुळाशी असलेली सपाट रिंग. आट्यांच्या टोकापासून मोजू नका, तिथेच चार-पाच मिमीचा घोळ होतो. तीनदा मोजून सरासरी घ्या.

हाताने अर्ध्या मिमीपर्यंतचं माप मिळतं आणि तेवढं पुरतं. २९ च्या आसपास आलं तर लायका थ्रेड. ४४ ते ४५.५ च्या दरम्यान आलं तर पॅक्सेट किंवा झेनिट. या दोघांत १.२ मिमीचा फरक आहे, हाताने तो सांगता येईलच असं नाही, पण नाव जर्मन की रशियन यावरून सुटतं. एन्लार्जर लेन्सचं माप ठरावीक नसतं आणि फोकसची रिंग नसल्यामुळे ती आधीच ओळखू आलेली असते.

ज्युपिटर-१२ मात्र जपून. ३५ मिमीची ही लेन्स मागे फुग्यासारखी बाहेर आलेली आहे. दांडी काचेवर आपटली तर तिथेच ओरखडा. कडेने, काचेला वळसा घालून मोजा. किंवा सोडून द्या. तिच्या आट्यांच्या आवृत्तीत चकवा असण्याचं कारण नाही, ती एसएलआरसाठी बनवलेलीच नाही. ज्युपिटर-१२ ला आटे दिसले की ते लायकाचे.

चुकीची लेन्स लावली तर नेमकं काय होतं?

झेनिटची लेन्स लायका-झोर्कीवर लावली तर ती फिल्मच्या १६.४ मिमी जास्त जवळ बसते. कुठल्याच अंतरावर काहीही स्पष्ट येत नाही. फिल्म धुऊन आल्यावर छत्तीसच्या छत्तीस फ्रेम धूसर, आणि बहुतेक जण दोष कॅमेऱ्याला देतात.

उलट लायका थ्रेडची लेन्स झेनिटवर लावली तर ती १६.४ मिमी लांब बसते आणि ५० मिमी लेन्स साधारण २० सेंमीवरचीच वस्तू पकडते. फुलं, नाणी, पोस्टाची तिकिटं काढायला ते कामाचं आहे. लांबचं काही मिळणार नाही.

बायोनेट आहे. आता कुठलं?

कान मोजा.

चार कान, सुमारे ४४ मिमी व्यास, कडेला लाल ठिपका आणि आत गोल कॅम असेल तर लायका एम. १९५४ मध्ये एम-३ बरोबर आलेलं हे माउंट आजही बनतं. अंतर २७.८ मिमी, म्हणजे आट्यांपेक्षा बरोबर १ मिमी कमी. आट्यांची लेन्स १ मिमी जाडीच्या रिंगने एम बॉडीवर लावता यावी म्हणूनच तसं ठेवलेलं. हेच माउंट मिनोल्टा सीएलई, कोनिका हेक्सार आरएफ आणि नंतरच्या फोक्टलेंडर बेसांवर आहे. त्यामुळे पुढे मिनोल्टा किंवा कोनिका लिहिलेलं बघून लगेच एसएलआर म्हणून बाजूला टाकू नका.

तीन कान आणि मागून नळी अरुंद असेल तर कॉन्टॅक्स, किएव्ह किंवा निकॉन एस यांच्यातलं एक.

तीन कान, पण तोंड मोठं आणि कडेला अ‍ॅपर्चर ढकलणारा खटका किंवा वर फुटलेले दोन धातूचे शिंग असतील तर ती एसएलआरची लेन्स, रेंजफाइंडरशी तिचा संबंध नाही. लायकाचंही एसएलआर माउंट आहे, लायका आर. तिथे नावापुढे आर असतो आणि अंतर ४७ मिमी. लाइट्स (लायका बनवणारी कंपनी), वेट्झलर कोरलेलं बघून आर लेन्स एमच्या भावात घेणारे भेटतात.

माझी ५० मिमी लेन्स तीन कानांची आहे, पण अंतराची रिंगच नाही. तुटलीय का?

तुटलेली नाही. कॉन्टॅक्स (१९३२ पासून), त्यावरून युक्रेनच्या आर्सेनल कारखान्यात बनलेला किएव्ह आणि निकॉनचे एस मालिकेतले कॅमेरे, या तिन्हींत ५० मिमीचं फोकस करणारं हेलिकॉइड कॅमेऱ्याच्या आत असतं. लेन्स आतल्या बायोनेटमध्ये बसते आणि कॅमेऱ्यावरचं दातेरी चाक फिरवलं की पुढेमागे होते. वाइड आणि टेली लेन्स बाहेरच्या बायोनेटवर बसतात, त्यांना स्वतःची पट्टी असते.

ज्युपिटर-८एम आणि हेलिओस-१०३ दिसल्या की किएव्ह समजा. एम अक्षर नसलेली ज्युपिटर-८ बहुधा आट्यांची असते, पण मागे बघूनच ठरवा.

कॉन्टॅक्स आणि निकॉन एस एकच माउंट म्हणतात. मग अदलाबदल चालते?

बसतं सगळं. जुळत मात्र नाही, आणि कारण गणिती आहे. कॉन्टॅक्सचं हेलिकॉइड ५२.४ मिमीच्या लेन्ससाठी आखलेलं, निकॉनने लायकासारखं ५१.६ मिमी धरलं. चाक सारखंच फिरवलं तरी लेन्स वेगवेगळी पुढे येते. अनंतावर दोघं जुळतात आणि जवळ येता येता फाटत जातात. ३५ मिमी आणि त्याहून वाइड लेन्समध्ये ही चूक डेप्थ ऑफ फील्डमध्ये (जेवढ्या अंतराचा पट्टा स्पष्ट दिसतो त्यात) लपते. ५० मिमी एफ/१.४ उघड्या अ‍ॅपर्चरवर लपत नाही. ८५ किंवा १३५ मिमीमध्ये तर डोळ्यांऐवजी कान फोकसमध्ये येतो.

हीच गोष्ट रशियन लेन्स लायकावर लावताना आडवी येते. ज्युपिटर-३ आणि ज्युपिटर-८ या मूळ कॉन्टॅक्सच्या झोनारवरून निघालेल्या. आट्यांत दिल्या तरी काच ५२.४ ची, आणि लायकाचा कॅम ५१.६ ला धरून चालतो. मागे पातळ शिम (चकती) घालून लेन्स एका अंतरावर जुळवता येते, सगळ्या अंतरांवर नाही. पोर्ट्रेटसाठी घेणार असाल तर १ ते १.५ मीटरवर जुळवून घ्या आणि लांबचे फोटो एफ/५.६ च्या पुढे काढा. झोर्की किंवा फेडवर या लेन्सची कुरकुर कमी असते.

रशियन अक्षरं वाचता येत नाहीत. तरी काही कळेल?

थोडं कळेल. इंडस्टार-६१ च्या नावापुढे दोन अक्षरं तिरक्या रेघेने जोडलेली असतात. दुसरं अक्षर आकड्यातल्या तीनासारखं दिसत असेल तर ती ४२ मिमी आट्यांची झेनिट एसएलआर लेन्स, अ‍ॅपर्चर थोडं बंद केलं की ताऱ्यासारखं दिसणारी. दुसरं अक्षर घरासारखं, खाली दोन पाय फुटलेलं असेल तर ती रेंजफाइंडरची, ५५ मिमी. बाजारात दोघी सारख्याच विपुल आहेत.

हेलिओस-४४ कुठेही दिसली तरी ती रेंजफाइंडरची नाही. क्रमांकाचे पहिले दोन आकडे रशियन लेन्समध्ये बहुधा सालाचे असतात, त्याचा माउंटशी संबंध नाही, पण विक्रेता 'युद्धाच्या काळातली' म्हणत असेल तर पडताळायला बरे.

एल्मारवर लाइट्सचं नाव आहे, पण काहीतरी खटकतंय.

रशियन लेन्सवर जर्मन नाव कोरून विकणं हा जुना धंदा आहे. इंडस्टार-२२ ची एल्मार होते, ज्युपिटरची कार्ल झाइस येना झोनार होते, झोर्कीची सोनेरी लायका होते.

एल्मार तपासायची खात्रीची खूण: टॉर्च मारून अ‍ॅपर्चरच्या पात्या कुठे आहेत ते बघा. खऱ्या ५ सेंमी एल्मारमध्ये त्या पहिल्याच काचेच्या मागे असतात, समोरून अगदी जवळ दिसतात. इंडस्टार-२२ मध्ये त्या दुसऱ्या काचेच्याही मागे, म्हणजे खोल असतात. कोरीव काम कितीही सुबक केलं तरी पात्यांची जागा कोणी हलवत नाही. यात एक दिलासा आहे, नाव खोटं असलं तरी माउंट खरं लायका थ्रेडच असतं. इंडस्टारच्या भावात मिळाली तर घ्यायला हरकत नाही.

लाइट्सचीच लेन्स, एम बायोनेट, पण कॅम नाही. खोटी?

बहुधा व्हिझोफ्लेक्सची. एम बॉडीला पुढे आरशाची पेटी लावून एसएलआरसारखी वापरायची ती सोय होती. ६५ मिमी एल्मार, ४०० मिमी टेलिट या त्यातल्या. थेट एम बॉडीवर लावल्या तर फोकस होत नाहीत, कारण व्हिझोफ्लेक्स २ आणि ३ साठी अंतर ६८.८ मिमी धरलेलं आहे.

याच्याशी नातं नसलेला पण तेवढाच गोंधळ घालणारा दुसरा प्रकार म्हणजे ३५ मिमी लेन्सच्या डोक्यावर बसवलेला चष्मा. तो एम-३ साठी, कारण त्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये ३५ ची चौकट नाही. चष्मा लावलेली लेन्स चौकट नसलेल्या बॉडीलाही चालते, पण चष्मा काढून टाकला तर रेंजफाइंडर चुकतो. म्हणून 'चष्मा हरवलाय, बाकी ठीक' अशी लेन्स घेऊ नका.

थ्रेड-टू-एम रिंग घ्यायची आहे. कुठलीही चालेल?

जाडी सगळ्यांची १ मिमी, पण कानांची लांबी वेगळी असते, आणि त्यावर व्ह्यूफाइंडरमधली चौकट ठरते. ५०/७५, ३५/१३५ आणि २८/९० असे तीन प्रकार. ५० मिमी लेन्सला ५०/७५ ची घ्या. चुकीची घेतली तर फोकस बरोबर, फक्त चौकट भलतीच दिसते. एल्मारसारखी अनंताला खटक्याने अडकणारी लेन्स असेल तर रिंगेत त्या खटक्यासाठी खाच आहे का बघा. स्वस्त रिंगांची जाडी कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. एका बाजूला ०.०५ मिमी कमी-जास्त असली तरी उघड्या अ‍ॅपर्चरला फोटोचा एक कोपरा मऊ होतो.

मिररलेसवर (आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) लावायची आहे. अ‍ॅडॅप्टरची जाडी किती हवी?

लेन्सच्या अंतरातून कॅमेऱ्याचं अंतर वजा करा. सोनी ई १८ मिमी, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०. म्हणजे लायका थ्रेड सोनीवर लावायला १०.८ मिमी, एम लावायला ९.८. दुकानात अ‍ॅडॅप्टर मोजून घ्या, ही मापं जुळली नाहीत तर पेटीवर काहीही लिहिलेलं असो, तो घेऊ नका.

झेनिटची ३९ मिमी लेन्स असेल तर बरेच जण ३९ ते ४२ ची रिंग घालून ४२ चा अ‍ॅडॅप्टर लावतात. तिथे एक बारीक अडचण आहे. ४२ मिमीचं अंतर ४५.४६, झेनिट ३९ चं ४५.२. लेन्स ०.२६ मिमी लांब बसते आणि ५० मिमी लेन्सचं फोकस साधारण १० मीटरच्या पुढे जात नाही. सिंहगडावरून खडकवासला काढायला गेलात तर पाणी धूसर येईल. अ‍ॅडॅप्टरची टेकणारी कडा तेवढी घासून घेणारे आहेत, पण त्यापेक्षा लायका थ्रेडचा अ‍ॅडॅप्टर आणि १६.४ मिमीची एक्स्टेन्शन रिंग ही जोडी सरळ.

कॉन्टॅक्स-किएव्हसाठी अ‍ॅडॅप्टर घेताना त्यात स्वतःचं हेलिकॉइड आहे का ते बघा, ५० मिमीला त्याशिवाय फोकस नाही. काही अ‍ॅडॅप्टर फक्त आतल्या बायोनेटचे असतात, त्यावर ज्युपिटर-१२ बसणार नाही.

आत ढकलायच्या लेन्स डिजिटल बॉडीवर ढकलू नका. मागची नळी सेन्सरच्या काचेला लागू शकते.

जुन्या यशिका इलेक्ट्रो किंवा कॅनोनेटची लेन्स सुटी मिळतेय. कशावर बसेल?

कशावरच नाही. त्या कॅमेऱ्यांच्या लेन्स बदलता येत नाहीत, शटर लेन्सच्या आतच असतं. सुटी दिसली म्हणजे कोणीतरी कॅमेरा फोडला आहे, मागे लोंबणाऱ्या तारा दिसतील. शोभेला ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

कॉन्टॅक्स जी (१९९४ पासून) ही दुसरी फसगत. नाव कॉन्टॅक्स, रेंजफाइंडर घराण्यातली, पण ऑटोफोकस. लेन्सला फोकस रिंग नाही, मागे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला बसेल अशी खाच असते. जुन्या कॉन्टॅक्सशी तिचा काडीचा संबंध नाही. काच मात्र उत्तम, योग्य अ‍ॅडॅप्टर घेतला तर पैसे वसूल.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे कुठले फोटो मागायचे?

मागून सरळ, झाकण काढून. कडेने, पट्टी आणि आटे दोन्ही दिसतील असा. रिंग अनंतावर असताना एक आणि सगळ्यात जवळ असताना एक, दोन्ही मागूनच, म्हणजे कॅम सरकतो की नाही ते कळेल. आणि आट्यांवर कॅलिपर लावलेला, आकडा दिसेल असा. शेवटचा फोटो द्यायला कोणी कुरकुरला तर मोजपट्टी तरी लावायला सांगा. ३९ की ४२ एवढं तरी कळेल.

सगळी मापं जुळतात, तरी लेन्स फेऱ्यात अडते.

आधी आटे बघा. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या पितळी आट्यांवर हिरवट थर चढतो, जुनं ग्रीस त्यात मिसळून घट्ट होतं. लाकडी टूथपिकला कापूस गुंडाळून लायटरच्या नाफ्थ्यात किंचित बुडवा आणि आट्याआट्यातून फिरवा. लेन्सचं तोंड खाली ठेवून हे करू नका, वितळलेलं ग्रीस काचेत उतरतं. लेन्स आडवी धरा, खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. गंज काढायचा फवारा आट्यांवर मारू नका, तो पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर जातो आणि पात्या चिकटतात.

लावताना लेन्स कड्यावर सपाट टेकवून आधी उलट दिशेने फिरवा. पहिला आटा जुळला की बारीकसा टक् असा धक्का बोटाला जाणवतो. तिथून सरळ फिरवायला सुरुवात करा. काढताना लेन्स नेहमी मुळाशी, टेकणाऱ्या कडेजवळ धरा. पुढच्या रिंगेला धरून फिरवलं आणि हेलिकॉइडचं ग्रीस वाळलेलं असलं, तर माउंट जागेवर राहतं आणि लेन्सचं पुढचं अर्धं अंग हातात येतं.